तीन पिढ्यांच्या तीन गाड्या, प्रत्येकीची एकच चावी उरली आहे: दुसरी कशी करायची?

सुकाणू_३
१) १९९३ ची गाडी, साधी धातूची चावी. सरळ घातली तर फिरत नाही, किंचित बाहेर ओढून फिरवली की फिरते.
२) २००५ ची गाडी. चावीला काळी प्लास्टिकची मूठ, रिमोट वेगळा. मूठ फुटली म्हणून पातं नव्या कव्हरात बसवलं. तेव्हापासून इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो.
३) २०१७ ची गाडी, बटणाने सुरू होणारी. त्याच मॉडेलची वापरलेली स्मार्ट चावी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

खाच_आणि_पातं
आधी २००५ च्या गाडीचं, कारण त्यात घाई आहे. फुटलेली जुनी मूठ अजून टाकली नसेल तर टाकू नका. चिप तिच्यातच राहिली आहे. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडणं ही इमोबिलायझरला, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेला, चिप न दिसल्याची नेहमीची खूण आहे.

चिप म्हणजे साधारण १२ × ६ × ३ मिलिमीटरची काळी, एका टोकाला निमुळती वडी, नाहीतर पेन्सिलच्या शिशासारखी बारीक काचेची नळी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते. तिच्या साधारण १२५ ते १३५ किलोहर्ट्झच्या क्षेत्रातून चिप वीज घेते आणि आपला कोड परत पाठवते. पोहोच जेमतेम दोन-चार सेंटिमीटर. म्हणून जुनी मूठ कुलपाच्या तोंडाला टेकवून धरा आणि नव्या कव्हरातल्या पात्याने गाडी सुरू करा. इंजिन चालू राहिलं तर चिप शाबूत आहे, प्रोग्रॅमिंगची गरज नाही.

मग ती नव्या मुठीत हलवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, काचेची नळी लगेच तडकते. मूठ सांध्यावर ब्लेडने हळूहळू उघडायची. नव्या कव्हरात चिपची खोबण आहे ना ते विकत घेण्याआधीच बघा. काही कव्हरं दिसायला तीच, पण आतून भरीव असतात. पातं आणि रिमोट एकाच मुठीत असलेल्या काही चाव्यांत सुटी वडी नसते, चिप रिमोटच्या प्लेटवरच असते. तिथे पूर्ण प्लेट हलवावी लागते.

१९९३ ची चावी झिजली आहे. तिच्यावरून डुप्लिकेट काढली तर झीजही उतरते आणि वर मशीनची चूक मिळते. दाते कोडवरून, म्हणजे खाचांच्या मूळ खोल्या सांगणाऱ्या क्रमांकावरून, कापून घ्या. कोड मूळ चावीवर, तिच्याबरोबरच्या धातूच्या पट्टीवर, किंवा काही गाड्यांत दरवाजाच्या कुलपाच्या सिलिंडरवर कोरलेला असतो. कोड नसेल तर चांगला कारागीर प्रत्येक खाचेची खोली कॅलिपरने मोजतो आणि कंपनीच्या ठरलेल्या खोल्यांपैकी जवळची धरतो. दोन खोल्यांतला फरक साधारण अर्धा मिलिमीटर असतो. झिजेने धातू फक्त कमी होतो, वाढत कधीच नाही. म्हणून माप दोन खोल्यांच्या मधोमध आलं तर उथळ खाच धरायची. हे न कळणाऱ्याकडे चावी देऊ नका.

कोडवरून कापलेली चावीही अडली तर कुलपातल्या पट्ट्या झिजल्या आहेत, सिलिंडर उघडावं लागेल. कुलपात तेल सोडू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. ग्रॅफाइट पावडर वापरा.

इमो_वाचक
वरच्या उत्तराला पुरवणी. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. म्हणून वर्षापेक्षा गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते आधी पाहावं. एकाच मॉडेलची एका देशातली चावी साधी आणि दुसऱ्या देशातली चिपवाली असू शकते. चिपच्याही आधीची एक पिढी आहे. १९८६ च्या कॉर्व्हेटपासून जनरल मोटर्सने पात्यात रेझिस्टर बसवलेल्या चाव्या आणल्या. त्यांची एकूण १५ मूल्यं आहेत, मल्टिमीटरने मोजून त्याच मूल्याचा ब्लँक (दाते न कापलेली कोरी चावी) घ्यायचा.

चिप असेल तर रस्ते दोन. क्लोनिंगमध्ये चालू चिपचा कोड दुसऱ्या चिपवर उतरवतात. गाडीला हात लावावा लागत नाही, पण गाडी दोन्ही चाव्यांना एकच समजते. पुढे एक हरवली तर ती एकटी रद्द करता येत नाही. दुसरा रस्ता नवी चिप इमोबिलायझरमध्ये स्वतंत्र नोंदवण्याचा. मी नेहमी हाच सुचवेन.

नोंदणीच्या पद्धती कंपनीगणिक बदलतात. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन चालू चाव्या हातात असतील तर मशीन लागत नाही. पहिली घालून किमान तीन सेकंद ऑन ठेवायची, ऑफ करून काढायची, काही सेकंदांत दुसरी तशीच, मग लगेच नवी. नेमके सेकंद गाडीच्या मॅन्युअलात असतात आणि तेच पाळायचे. एकच चावी उरली की हा रस्ता बंद. टोयोटाच्या सुरुवातीच्या चिपवाल्या गाड्यांत काळी चावी मास्टर आणि करडी वॅलेट, म्हणजे पार्किंगवाल्याकडे द्यायची, असते. करड्या चावीने नवी चावी नोंदवता येत नाही. सगळ्या काळ्या हरवल्या तर त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू (गाडीचा नियंत्रक संगणक) बदलावा लागतो किंवा त्याची मेमरी काढून रीसेट करावी लागते. एक चावी चालू असताना दुसरी करणं आणि एकही नसताना करणं, या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या हातात अजून एकेक आहे, आताच करा.

वापरलेली स्मार्ट चावी घेऊ नका. बऱ्याच कंपन्यांची चिप पहिल्या नोंदणीलाच कुलूपबंद होते आणि दुसऱ्या गाडीत नोंदवलीच जात नाही. काही प्रकार रिकामे करता येतात, पण ते विक्रेत्याने करून दाखवलं तरच पैसे द्या. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांना तर कारखान्यातूनच त्या गाडीसाठी कोड केलेली चावी लागते.

सुकाणू_३
जुन्या मुठीच्या टोकाला काळी वडी सापडली. कुलपाला टेकवल्यावर इंजिन चालू राहिलं. २०१७ साठी नवीच चावी घेतो. घेताना आणि नोंदवताना काय बघायचं? आणि पुढे एखादी हरवली तर ती खरंच रद्द होते का?

बारा_पूर्णांक_सहा
घेताना पार्ट नंबर आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही जुळवा. उत्तर अमेरिका आणि जपानसाठीच्या गाड्यांत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ, युरोप आणि इतर बऱ्याच ठिकाणी ४३३.९२. बटणं, आकार, लोगो सगळं जुळूनही फ्रिक्वेन्सी वेगळी निघते. मग चिप नोंदवली जाते, पण रिमोट कधीच चालत नाही, आणि दोष नोंदणी करणाऱ्यावर येतो.

नोंदवताना गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज सांभाळा. निम्म्या कामात ते कोसळलं तर इमोबिलायझर अर्धवट लिहिला जातो आणि चालू असलेली चावीही जाते. इंजिन बंद असताना १२.५ च्या वर हवं. स्थिर सप्लाय जोडून काम करणारा माणूस निवडा. दिवे, पंखा, ऑडिओ बंद. इतर गाड्यांच्या चाव्या त्याच कडीत अडकवून ठेवू नका, एका क्षेत्रात दोन चिपा बोलल्या की वाचन चुकतं.

घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. काही पद्धतींत नोंदणी सुरू होताच जुनी यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्याच परत लिहिल्या जातात. हरवलेली रद्द होते ती याच वाटेने. पण रद्द होते फक्त चिप. हरवलेल्या चावीचं पातं दरवाजा उघडतच राहतं. चोराच्या हाती लागल्याची शंका असेल तर दरवाजाचं सिलिंडरही बदला.

काम झाल्यावर तिथेच तपासा. चारही दरवाजे आणि डिकी रिमोटने उघडा. मग चावीतला सेल काढा, चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलात दाखवलेल्या जागी धरून गाडी सुरू होते का पाहा. सेल मेला की हीच वाट उरते. शेवटी चावीच्या पोटातलं आपत्कालीन पातं बाहेर ओढा. नव्या चावीबरोबर ते कोरंच येतं आणि कापायचं राहून जातं. त्या पात्याने दरवाजा उघडून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नका, कारण गाडीची बॅटरी उतरली की आत शिरायला तेवढंच असतं.