ऑफलाइन वैद्यकीय संदर्भ अॅप: आकार २० एमबीच्या आत हवा, आणि मराठी शोध बिघडलाय

कोरी_पाटी:
आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑफलाइन संदर्भ अॅप करतोय. चार हजार नोंदी, मजकूर मराठी, फोन २ जीबी रॅमचे, नेट महिन्यातून एकदा मिळालं तर मिळालं. प्रत्येक नोंद वेगळी जीझिप (दाबलेली) फाइल आहे, त्यातच २५ एमबी जातात. शोधासाठी एसक्यूलाइट डेटाबेसचं एफटीएस५ (मजकूर-शोधाची सोय) लावलं तर इंडेक्सही, म्हणजे शब्दांची शोधसूचीही, तेवढाच झाला, वर 'ताप' शोधलं की 'हात पाय' असलेल्या नोंदी येतात. कुठून सुरुवात करू?

टाचण:
आधी शोध. एफटीएस५चा युनिकोड६१ टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) मुळात अक्षरं आणि अंकच शब्दात धरतो. काना, वेलांटी, हलन्त युनिकोडच्या एमसी आणि एमएन (अक्षराला जोडल्या जाणाऱ्या खुणांच्या) गटांत पडतात, त्यामुळे तिथे तो शब्द तोडतो. 'ताप'चे होतात त, प. 'हात पाय'चे ह, त, प, य. त-मागोमाग प आहेच, म्हणून जुळलं! टेबल बनवताना कॅटेगरीजच्या यादीत हे दोन्ही गट जोडा आणि इंडेक्स नव्याने बांधा. तुकडे कमी झाले की आकारही उतरेल. डिटेल=कॉलम (शब्द कोणत्या रकान्यात आहे एवढंच नोंदणारं सेटिंग) ठेवलंत तर आणखी उतरेल; सलग शब्दसमूह शोधता येणार नाही, पण इथे त्यावाचून अडत नाही.

'दुसऱ्या'तला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो. म्हणून इंडेक्सआधी मजकूर एनएफसीत (युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात) आणा, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) काढा, ऱ-चा र करा. शोधपेटीतल्या शब्दावरही हीच प्रक्रिया हवी, नाहीतर सगळं फुकट.

विभक्तीची भानगड उरतेच. 'ताप*' लिहिलं की 'तापाने' सापडतो (आणि 'तापमान'ही). पण 'खोकला*' लिहून 'खोकल्याने' सापडत नाही, 'मूल*'ने 'मुलाला' नाही. स्टेमर (शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप देणारा कोड) लिहीत बसू नका. लक्षणांचे आणि औषधांचे काहीशे शब्द असतील. त्यांची सामान्यरूपं, बोलीतली नावं आणि रोमन स्पेलिंग एका पर्यायी-नावांच्या टेबलात हाताने भरा.

आकाराचं म्हणाल तर छोटी फाइल एकेकटी नीट दाबली जात नाही, प्रत्येक वेळी कोरी सुरुवात होते. झेडस्टँडर्ड या फाइल दाबणाऱ्या साधनाची सामायिक डिक्शनरी (सगळ्या नोंदींत वारंवार येणाऱ्या तुकड्यांचा साठा) करा: ११० केबी पुरे, नमुना मजकूर साधारण तिच्या शंभरपट. एचटीएमएलचा सांगाडा अॅपमध्ये, नोंदीत फक्त मजकूर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट खातं, 'रक्तदाब' २१ बाइटचा होतो. तेवढ्यासाठी वेगळं एन्कोडिंग शोधू नका, डिक्शनरी ते भरून काढते.

खलबत्ता:
मात्रा-गणकही असेल तर आकारापेक्षा त्याची काळजी करा. १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे १८० मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेल्या बाटलीतून ७.५ मिली, २५०च्या बाटलीतून ३.६ मिली. बाटली न विचारता अॅपने ७.५ दाखवलं आणि हातात २५०ची असली, तर मात्रा दुपटीहून जास्त गेली. बाटलीची ताकद आधी निवडल्याशिवाय उत्तरच दाखवू नका. कमाल मात्रा औषधाच्या नोंदीत ठेवा, कोडमध्ये नको. '.५' नको, '०.५' हवं, '५.०' नको, '५' हवं. मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा.

आणि अंक. मराठी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) जावाचं स्ट्रिंग.फॉरमॅट देवनागरी अंक काढू शकतं. इंटिजर.पार्सइंट ते वाचतं, डबल.पार्सडबल अपवाद (एरर) फेकतं. म्हणजे वजन १२ चालेल आणि १२.५ ला अॅप कोसळेल. आत सगळीकडे लोकेल.रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं तटस्थ सेटिंग), वापरकर्त्याने टाकलेले अंक आधी बदलून घ्या.

कोरी_पाटी:
कॅटेगरीज बदलल्या, 'हात पाय' गायब. आता अपडेट? दर वेळी पूर्ण फाइल परवडणार नाही.

टाचण:
डेटाबेस फाइलचा बायनरी फरक काढू नका, पानं इकडची तिकडे झाली की पॅच फुगतो. बदललेल्या नोंदींचाच गठ्ठा पाठवा. डाउनलोड तुटलं तिथून पुढे चालू व्हायला हवं, म्हणून सर्व्हरवर रेंज विनंती (फाइलचा ठरावीक भागच मागणं) चालते का ते बघा. उतरल्यावर आधी गठ्ठ्याची डिजिटल सही तपासा, मगच एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) लावा. मध्येच बॅटरी गेली तर जुनी प्रत शाबूत राहते. मागे घेतलेल्या औषधांच्या नोंदी गठ्ठ्यात सर्वांत आधी.

खलबत्ता:
नोंदीवर 'शेवटची तपासणी' तारीख ठसठशीत दाखवा. माहिती जुनी झाली म्हणून अॅपला कुलूप लावू नका, वर पिवळी पट्टी पुरे. फोनचं घड्याळ बॅटरी संपून भलत्याच वर्षात गेलेलं असू शकतं. अपडेटमधल्या तारखेपेक्षा ते मागे दिसलं तर ते चुकलंय असं धरा.