घरी ड्रमसेट रेकॉर्ड करण्यासाठी सात माइकचा संच घ्यावा, की मोजकेच माइक?

गच्चीवरचा:
नमस्कार. नाशिकला आमच्या गच्चीवर १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली आहे आणि माझा पाच ड्रमांचा सेट गेली चार वर्षे तिथेच मांडलेला असतो. आजवर मी मोबाइलवरच रेकॉर्डिंग करीत आलो; पण त्यात सिंबल सोडून दुसरे काही धड ऐकू येत नाही, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तर पलीकडच्या खोलीत कोणी उशी आपटत असल्यासारखी येते. माझ्याकडे दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आहे आणि गाण्यासाठी घेतलेला शुअरचा एसएम ५८ आहे. ३५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदार सात माइकची तयार पेटी घ्या म्हणतो आणि मित्र म्हणतो की तीन-चार माइक पुरे. कोणाचे ऐकावे?

सोळामात्रा:
मित्राचे ऐका. सात माइकना सात इनपुट लागतात आणि तुमच्याकडे दोनच आहेत, म्हणजे पेटी घेतल्यावर आठ इनपुटचा इंटरफेस घेणे आलेच, आणि तेवढे पैसे मग उरत नाहीत. शिवाय अशा पेट्यांत टॉमचे (सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमांचे) माइक मोजायला भरपूर असतात. ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वरून आवाज टिपणारे माइक, मात्र माझ्या अनुभवात कच्चेच निघतात, आणि घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सेटचा बहुतेक आवाज ओव्हरहेडमधूनच येतो.

तुमच्या जागी मी असतो तर जुना इंटरफेस विकून चार इनपुटचा घेतला असता (बेहरिंगरच्या यूएमसी ४०४ एचडीला माइकचा क्षीण आवाज वाढवणारे चार प्रीअँप आहेत), त्यानंतर लहान डायफ्रॅमच्या (पडद्याच्या) कंडेन्सर माइकची, म्हणजे बाहेरून वीज लागणाऱ्या नाजूक माइकची, जोडी आणि उरलेल्या पैशांत किकसाठी शुअर पीजीए ५२ सारखा माइक. स्नेअरसाठी (खाली तारा असलेल्या, समोरच्या ड्रमसाठी) वेगळा माइक घेऊच नका. तुमचा एसएम ५८ आणि सगळीकडे स्नेअरवर दिसणारा एसएम ५७ हे मुळात एकाच घराण्याचे आहेत, आणि ५८ ची गोल जाळी आट्यांवरून फिरवून काढली तर तो स्नेअरच्या रिमच्या (काठाच्या कड्याच्या) वर तिरका बसतोही. फक्त काठी त्याच्या उघड्या डोक्यावर बसणार नाही एवढे पाहा.

स्वस्त कंडेन्सर म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. त्यांचा मोठा दोष म्हणजे स्वतःची सळसळ, आणि तो हळू गाणाऱ्या गळ्यापुढे उघडा पडतो. ड्रमच्या आवाजापुढे ती सळसळ ऐकूच येत नाही. इथे पाहायचे ते हे की माइक किती मोठा आवाज न फाटता सोसतो. बेहरिंगर सी-२ जोडीनेच मिळतो आणि त्यावर १० डेसिबलने आवाज उतरवणारा खटका आहे. तो खटका लावूनच वाजवा. कंडेन्सरना ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागते, हेही लक्षात असू द्या.

मांडणीसाठी ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरा. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम त्यांनीच १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. एक माइक स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर ठेवायचा आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) बाजूने, टॉमच्या थोडा वर, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीकडे) तोंड करून. दोन्ही माइकचे स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर तंतोतंत सारखे हवे. ते मोजायला मी परकराची नाडी वापरतो, कारण ती ताणली तरी लांबत नाही: एक टोक स्नेअरच्या मध्यावर दाबून धरायचे, पहिल्या माइकपाशी गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकवायची. १७ सेंटीमीटरचा फरक राहिला, तर एका माइकला आवाज सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही एकत्र ऐकताना स्नेअरमधला १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग खचतो. मग स्नेअर पातळ लागतो आणि आपण माइकला शिव्या घालत बसतो.

स्टँडचा खर्च आत्ताच हिशेबात धरा. दोन उंच बूम स्टँड लागतील, आणि स्वस्त स्टँडचा आडवा दांडा वाजवता वाजवता खाली झुकतो, म्हणून पायाशी वाळूची पिशवी ठेवावी लागते.

ओलीगच्ची:
माइकच्या निवडीबद्दल माझे दुमत नाही, पण वरच्या उत्तरात पत्रा राहून गेला. स्नेअरच्या वर एक मीटरवर माइक म्हणजे जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आसपास. तुमचा पत्रा उतरता असेल आणि आठ फुटांवर असेल, तर माइक आणि पत्रा यांत जेमतेम अडीच फूट उरतात आणि सिंबलचा आवाज वर आपटून लगेच त्याच माइकमध्ये परत येतो. सेट पत्र्याच्या उंच बाजूला हलवा आणि सेटच्या बरोबर वर जुन्या जाड गोधड्या दोन पदरी टांगा. पत्र्याला चिकटवू नका, मध्ये हातभर मोकळी जागा ठेवा. मी चिपळूणला अशाच खोलीत वाजवतो आणि गोधड्यांनी जो फरक पडला, तो दुप्पट किमतीचा माइक घेऊन पडला नसता. पावसाळ्यात कंडेन्सर खोलीत राहू देऊ नका. दमट हवेने त्यात तडतड सुरू होते. माझे माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात असतात. सर पडू लागल्यावर पत्र्याखाली रेकॉर्डिंग तसेही होत नाही.

गच्चीवरचा:
दोघांचेही आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. चार इनपुटचा इंटरफेस, सी-२ ची जोडी आणि किकचा माइक घेतला. जुना इंटरफेस विकल्यामुळे स्टँड आणि केबलही मर्यादेत बसले. नाडी आईकडून मागून आणली आणि तिचा उपयोग सांगितल्यावर ती बराच वेळ हसत होती. ओव्हरहेड आता छान उमटतात, पण किकचा माइक चालू केला की तळातला दणका वाढण्याऐवजी कमी होतो. हा माइक पुढच्या कातड्याच्या भोकातून निम्मा आत आहे. दुसरे म्हणजे प्रत्येक टेकमध्ये बारीक झणझण येते आणि ती कुठून येते ते सापडत नाही.

सोळामात्रा:
सॉफ्टवेअरमध्ये फक्त किकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. बीटर (पायाच्या पेडलचा दांडू) कातड्याला आत ढकलतो तेव्हा आतल्या माइकवर हवा येऊन आदळते आणि वरच्या माइकपाशी त्याच क्षणी ती मागे ओढली जाते, त्यामुळे दोघे एकमेकांना खातात. ज्या बाजूला दणका भरीव लागेल, ती बाजू ठेवा. झणझणीसाठी माइकना हात लावू नका. स्नेअरच्या खालच्या तारांचा खटका सोडा आणि एकेक टॉम वाजवा.

गच्चीवरचा:
पोलॅरिटी उलटवताच किक जागेवर आली. झणझण दोन ठिकाणची निघाली. लहान टॉम वाजला की स्नेअरच्या तारा थरथरत होत्या. टॉमचे वरचे कातडे अर्ध्या पट्टीने चढवल्यावर ते जवळजवळ थांबले. उरलेली झणझण पत्र्याच्या एका सैल स्क्रूची होती. गोधडी बांधताना हात लागला तेव्हा तो सापडला आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून आवळला. टॉमसाठी वेगळे माइक आता घेत नाही.