मदत हवी आहे: ऊसतोड बायकांच्या मजुरीवर पीएचडी करणाऱ्या मुलीसाठी, दसऱ्याच्या आत

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. माझी एक विद्यार्थिनी आहे, नाव इथे नको, एमए झाली, सेट झाली, आता पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय. विषय आहे ऊसतोडीत बाईच्या मजुरीचं नेमकं काय होतं. तिचे आईवडील अजून तोडीला जातात. ती आजीपाशी राहिली म्हणून शिकली, बरोबरच्या मुलींची सोळा-सतराव्या वर्षीच लग्नं लावली, कारण कोयता म्हणजे जोडी, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीवर.

आता ही उचल पडते नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी करून फडावर, म्हणजे तोडणीच्या रानात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढवते. मागच्या हंगामात एका मुकादमाने, म्हणजे टोळी जमवून उचल देणाऱ्या ठेकेदाराने, पोरीला आपली वही दाखवली, साधी शाळेची दोनशेपानी वही, डावीकडे गड्याचं नाव, मधे उचल, उजवीकडे खाडे. बाईचं नाव कुठेच नाही. एका गड्याच्या नावापुढे मात्र लिहिलेलं, "बायको बाळंत, ९ खाडे". काम केलं ते सगळं नवऱ्याच्या नावावर आणि बाळंतपणाचे खाडे तेवढे बायकोचे. तिने मला हे सांगितल्यापासून ती ओळ डोक्यातून जात नाहीये.

बीडच्या ऊसतोड बायकांवर लिहिलं गेलेलं नाही असं नाही. २०१९ ला नीलम गोऱ्हेंच्या समितीसाठी पाहणी झाली, ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. ते बाहेर येणं फार गरजेचं होतं. पण तेव्हापासून जो येतो तो पिशवीचंच विचारतो. कोपीवरची, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवरची, एक मावशी तिला म्हणाली, "समदे पोटाचं इचारत्यात, पैशाचं कुणीच नाही इचारलं गं." त्या वाक्यावरनं तिने विषय बदलला, आणि माझ्या मते बरोबर केलं.

अडचण पैशाची आहे, आणि त्याहून जास्त वेळेची. जेआरएफ, म्हणजे यूजीसीची संशोधनासाठीची फेलोशिप, थोडक्यात हुकली, ती मिळाली असती तर महिना ३७ हजारांनी सगळंच सुटलं असतं. दुसरी एक फेलोशिप मंजूर झालीये पण वर्ष होत आलं, खात्यात रुपया नाही, दर वेळी नवीन कागद मागतात. इकडे दसरा-दिवाळीला गाड्या भरतात आणि मार्च-एप्रिलला माणसं परत येतात. पैसे जूनमध्ये आले तर गावात बसून बोलता येईल हो, पण फड, कोपी, वही हे कसं बघणार? पाच महिन्यांचं येणं-जाणं, राहणं, जेवण धरून मी हिशोब काढला, ६५ हजार होतात. १५ मी घालतेय. हंगामाच्या आत पैसे देणारी छोटी ग्रँट, ट्रस्ट, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, काही माहीत आहे का कुणाला? अशाच पायी मुली फील्ड सोडून लायब्ररीत बसून होईल असा विषय घेतात, मी तीन जणी तशा गेलेल्या बघितल्यात.

दुसरं राहण्याचं. बायका बोलायला मोकळ्या होतात त्या संध्याकाळी, चुलीपुढे, भाकरी थापताना. ते आटपेस्तोवर आठ वाजतात, मग एकटी पोरगी अंधारात जाणार कुठे? कारखान्याजवळ एखादं घरगुती घर हवंय.

तिसरं मला स्वतःलाच विचारायचंय. मुलाखतीला तासभर बोलली म्हणजे त्या बाईची तासभर झोप गेली, मग त्याचे पैसे द्यावेत का? आमचे एक सर म्हणतात पैसे दिले की उत्तरं बदलतात, देऊ नका. आमची पोरगी बोलता बोलता भाकऱ्या थापते, कुणाचं लेकरू मांडीवर घेते. पण तेवढ्याने फिटतं का? फील्डवर काम केलेल्यांनी प्लीज लिहा.

आणि बावीस रेकॉर्डिंग पडून आहेत. मोबाइलचं सॉफ्टवेअर आमची बोली लिहीत नाही, खाड्याचा खड्डा करतं. बीडकडची बोली कळणारं कुणी टाइप करून देईल का? पैसे देऊ, थोडे का होईना. आवाज कुठे शेअर करायचे नाहीत एवढी मात्र अट.

---

भीमाकाठची:
ताई, मी अर्थशास्त्राची. पैशाबद्दल माझं मत, द्या, पण नियम आधी ठरवा, सगळ्यांना सारखं, बोलणं संपल्यावर, आणि प्रबंधात तसं लिहा. लपवलं की घोळ होतो. दुसरं, टाइम यूज सर्व्हे, म्हणजे माणसांचा दिवस कशात जातो याची सरकारी पाहणी, बघायला सांगा तिला. २०१९ च्या सर्व्हेत स्वतःच्या घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७, २०२४ ला २८९ आणि ८८. तसाच पहाटेपासून रात्रीपर्यंतचा तक्ता कोपीवर भरला तर मुकादमाच्या वहीशेजारी ठेवता येईल. आणि मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासूनचं आहे, पुणे विद्यापीठातलं १९८७ पासूनचं, तिथे एकदा प्रत्यक्ष घेऊन जा. मेलवर नका राहू. दोन रेकॉर्डिंग मी घेते, माझं माहेर केजचं.

धागाकर्ती:
फार आभार, व्यनि (खासगी निरोप) केलाय. वहीशेजारी तक्ता ही कल्पना तिला लगेच फोन करून सांगितली, तर म्हणाली पहिला तक्ता आईचाच भरते. आईला प्रतिसादक म्हणून घ्यावं का यावर आमचं अजून ठरत नाहीये, त्यावरही लिहा कुणीतरी. आणि टोळीचं आजच कळलं, यंदा सांगलीकडचा कारखाना ठरलाय. तर सांगली-इस्लामपूर बाजूला कुणाचं घर असेल, घरात बाईमाणूस असेल, तर आधी मला व्यनि करा, मी स्वतः येऊन भेटून जाईन.