अनुभव धागा: नव्या संगणकाची, सॉफ्टवेअरची घोषणा ऐकून तुम्हाला काय वाटलं?

नवं मशीन किंवा सॉफ्टवेअर जाहीर झालं की वेग, मेमरी, किंमत यांवर रकानेच्या रकाने भरतात. ती बातमी वाचणाऱ्याच्या घरात, दुकानात पुढे काय झालं ते फारसं कुणी लिहीत नाही. ते इथे लिहा.

सुरुवात मी करते. १ एप्रिल २००४ ला जीमेल जाहीर झालं, १ जीबी जागेचं. हॉटमेलवर तेव्हा २ एमबी मिळायचे. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ते एप्रिल फूल म्हणून सोडून दिलं. पुढे कुणाकडून तरी निमंत्रण मिळालं आणि बहिणीने अमेरिकेहून पाठवलेले भाचीचे फोटो पहिल्यांदाच न पुसता ठेवता आले.

प्रेसवाला, मिरज
आमचा छपाईचा धंदा. लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं. विंडोज २००० मध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी येणार हे वडिलांनी वाचून दाखवलं तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. दुकानातला सगळा मजकूर जुन्या फॉन्टांत. त्यात साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, वर मराठी आकार चढवलेला. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसते कंस आणि खुणा उमटायच्या. म्हणून गिऱ्हाइकाला फाइल द्यायचीच नाही, प्रिंट काढूनच द्यायची, असा आमचा रिवाज.

मशीन आल्यावर रीजनल ऑप्शन्समध्ये ‘इंडिक’वर (म्हणजे भारतीय लिप्यांवर) टिक केली, त्याने मागितलेली सीडी घातली, मशीन पुन्हा चालू केलं. मंगल फॉन्टात ‘श्री’ लिहिलं आणि बॅकस्पेस दाबलं. फक्त वेलांटी गेली, ‘श्र’ तसाच राहिला! मशीनला आता चित्र नाही, अक्षर कळतंय, हे तिथे पटलं. वडिलांना तीनतीनदा करून दाखवलं.

छपाईत मात्र लगेच काही बदललं नाही, कारण पानं लावायच्या सॉफ्टवेअरांना युनिकोड पचायचं नाही. २०१२ साली त्यातल्याच एका, इनडिझाइन सीएस६ मध्ये भारतीय लिप्या आल्या. ती बातमी ऐकताना जुनी धास्ती कुठल्या कुठे गेली होती.

अंध शिक्षक, अमरावती
पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं आमच्या पगारात बसणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए सुरू झालं, फुकट आणि मुक्त स्रोत. मित्राने सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना, मुदत संपली की पैसे मागतील असंच वाटलं. कुणी मागितले नाहीत. पुढे त्यात मराठी आवाज मिळाला. यांत्रिक आहे, पण विद्यार्थ्यांचे निबंध मी कुणाला हाक न मारता ऐकतो, आणि ऱ्हस्वदीर्घाची शंका आली की बाण दाबत एकेक अक्षर तपासतो. माझ्यासाठी याहून मोठी घोषणा झालेली नाही.

मालवणची लेक, सध्या दुबई
ऑगस्ट २०१७, गूगलच्या बोलून टंकण्याच्या सोयीत मराठी आली. आईची बोटं आखडतात, त्यामुळे तोवर तिचे मेसेज म्हणजे ‘ठीक’ आणि ‘जेवलीस?’ एवढेच. त्या गणपतीत तिने फणसाच्या सांदणांची अख्खी कृती बोलून पाठवली, शेजारणीच्या भांडणासकट.

करसल्लागार, सातारा
माझी घोषणा दुःखाची. हिशेबाचं एक सॉफ्टवेअर (नाव घेत नाही) एकदाच पैसे भरून घेतलं होतं. कंपनीने जाहीर केलं की यापुढे दरवर्षी वर्गणी, तीही इंटरनेटवरूनच चालणार. माझी निम्मी गिऱ्हाइकं पाटण, जावळीच्या डोंगरातली, तिथे पावसात रेंज टिकत नाही. संताप आला आणि अजून आहे. सगळी खाती लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये (आकडेमोडीच्या तक्त्यांत) उतरवून घेतली.

प्रेसवाले, एक विचारायचं होतं. आमच्या गावच्या यात्रेच्या स्मरणिका जुन्या फॉन्टांतच पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं नीट येतात का, की पुन्हा टाइप करणंच बरं?