मदत हवी आहे: रोबोच्या गियरबॉक्समध्ये छोट्या पिनियनचेच दात का तुटतात?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या रोबोसाठी उचलणारा हात केलाय. डीसी मोटर, पुढे स्पर गियरचा (सरळ दातांचा) तयार गियरबॉक्स, एकूण रेशो १०० (मोटरचे १०० फेरे, हाताच्या शाफ्टचा एक). हात अर्धा मीटर लांब, टोकाला दीड किलोचा डबा, हाताचं स्वतःचं वजन किलोभर. हात आडवा असताना शाफ्टवर जेमतेम १० न्यूटन-मीटर येतात आणि विक्रेता म्हणतो १५ पर्यंत चालतं. तरी शेवटच्या टप्प्यातला १२ दातांचा पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गियर (०.८ मोड्यूल, म्हणजे मिमीतला व्यास भागिले दातांची संख्या; रुंदी ६ मिमी), मोडतोच. त्याच्यासमोरचा ४८ दातांचा गियर मात्र ठणठणीत!

मोडका पिनियन भिंगाखाली पाहिला. शेजारशेजारचे दोन दात मुळातून गेलेत, बाकीचे जवळपास नवे. तुटलेल्या जागी दोन्ही कडांना गुळगुळीत काळपट पट्टा, मधला भाग चमकदार, दाणेदार. हात ० ते ९० अंश फिरतो, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे स्टॉपर आहेत.

माल कच्चा आहे की दुसरंच काही? मोठ्या गियरबॉक्सला जागा नाही, बजेट तर नाहीच.

प्रतिसाद

गुळगुळीत पट्टा म्हणजे हळूहळू वाढलेली भेग, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. म्हणजे हा थकवा आहे, एका झटक्यात मोडलेलं नाही.

आता गंमत बघा. ९० अंश म्हणजे ४८ पैकी १२ दात, म्हणजे पिनियनचा बरोब्बर एक फेरा. हात वर आपटो की खाली, मार त्याच दातांना. वर एका बाजूने, खाली दुसऱ्या बाजूने. तार मागेपुढे वाकवून तोडतात तसं चाललंय.

तुमचे १० न्यूटन-मीटर हे नुसतं वजन पेलण्याचे. रेशो १०० असला की रोटरचं (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं) जडत्व शाफ्टवर १०० च्या वर्गाने, १०,००० पट जाणवतं. हात स्टॉपरला अडला तरी रोटर फिरायचं म्हणतो आणि तो धक्का दात खातात. करंट लिमिट लावलीत तरी फिरत्या रोटरची ऊर्जा कुठे जाणार? टोकाच्या आधीच वेग उतरवा, स्टॉपरला जाड रबर लावा. हे आधी, फुकटात.

धक्का सोडला तरी दात बारीकच आहे. पिनियनवर २.५ न्यूटन-मीटर, त्रिज्या ४.८ मिमी, म्हणजे दातावर ५२० न्यूटन. लुईसच्या सूत्राने (दाताच्या मुळाशी वाकण्याचा ताण काढायचं सूत्र) मुळाशी ताण ४४० मेगापास्कलच्या घरात. साधं ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) इथेच हात टेकतं.

१ मोड्यूलमध्ये १२ आणि ३६ दात घ्या, सेंटर (दोन शाफ्टमधलं अंतर) २४ मिमीच राहतं. रुंदी १० मिमी केलीत तर ताण २३० च्या आत येतो. रेशो ७५ होईल, मोटरला तिसरा हिस्सा जास्त ओढावं लागेल, तेवढं तपासा. १२ दातांवर हॉब (दात कापायचं हत्यार) दाताला मुळाशी कोरून बारीक करतो, म्हणून पिनियनला अधिक (+) प्रोफाइल शिफ्ट (कापताना हत्यार थोडं बाहेर सरकवणं) आणि गियरला तेवढीच उणे (−) सांगा. मटेरियल ईएन २४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद), हार्डन-टेम्पर केलेलं.

धागाकर्ता

धन्यवाद सर! झाकण उघडून मोजलं, १० मिमी रुंदी बसत नाही, ८ बसते. चालेल का?

प्रतिसाद

ताण २८५ मेगापास्कलच्या आसपास जाईल. ईएन २४ ला चालेल, पण रबर लावल्याशिवाय नाही. आणि नवा गियर येईपर्यंत जुन्या जोडीत नवा पिनियन टाकाल तेव्हा स्टॉपर थोडे सरकवून फिरणं ९० ऐवजी ८० अंशांवर आणा, म्हणजे दोन्ही टोकांचा मार एकाच दातावर पडणार नाही.