सिकलसेलवर जनुकीय उपचार: विदर्भानं त्याच्या मागे लागावं का?

सीताबर्डीकर
माणूस १२० वर्षं जगेल का, यावर सध्या जोरात चर्चा चालते. नागपुरात राहून मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडच्या एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक येऊन हा रक्ताचा आजार झालेल्या पोरांना साधं म्हातारपण कधी दिसणार? कॅसजेव्ही या, क्रिस्पर नावाच्या जनुक बदलण्याच्या तंत्रावरच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांत असा बदल करतात की जन्मानंतर मागे पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा भरपूर तयार होतं आणि रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकणं कमी होतं. चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, आला नाही. हे नागपुरात आलंच पाहिजे. तयारी आत्ताच सुरू करा; मुंबई-पुण्यात आल्यावर बघू, हे नको.

मेडिकल चौक
भाऊ, किंमत लिहायची राहिली. अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे एका माणसाला १८ कोटींच्या वर. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तेच हिमोग्लोबिन वाढवते, कमी वाढवते, पण वाढवते. अमेरिकेत तिला १९९८ पासून मान्यता आहे. ती गोळी खंड न पडता मिळणं, ठरलेल्या वेळी सीबीसी ही रक्ततपासणी होणं, लहानपणी न्यूमोकोकसची लस टोचली जाणं, एवढं तरी गडचिरोलीतल्या कोरची-धानोऱ्याच्या प्रत्येक पोरापर्यंत आधी पोचू द्या. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. चांगलंच आहे. पण तपासणीचं कार्ड हातात आल्यावर गोळी कोण देणार? पैसा तिथं लागला पाहिजे.

लक्ष्मीनगर_आई
आणखी एक. बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी बुसल्फान देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात. म्हणजे केमोच. त्यात मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वीस वर्षांच्या पोरीला हे कोण समजावून सांगणार, आणि कोणत्या भाषेत? गोंडीत सांगणारं कोणी हवं. सहीपुरता कागद पुढे करणं म्हणजे संमती नव्हे.

सीताबर्डीकर
ताई, हा मुद्दा पूर्ण मान्य. किमतीचा मात्र अर्धाच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी थेरपीला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात ती) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि तिचा खर्च अमेरिकेतल्या कार-टी उपचारांच्या कितीतरी खाली आहे. ती कॅन्सरची आहे, ठाऊक आहे. पण पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याचं काम इथं स्वस्तात होतं, हे तिनं दाखवलं. कोणी मागितलंच नाही तर सिकलसेलसाठी ते होणार कसं?

एसएस_नागपूर
मी स्वतः एसएस आहे, म्हणून लिहिते. गोळीनं माझे क्रायसिस कमी झाले, थांबले नाहीत. थंडीत सांधे धरतात तेव्हा पाण्याचा पेलाही उचलवत नाही. गोळीवर भागवा, असं बाहेरचा माणूस सहज म्हणतो. आणि उपचार येईल, या आशेवर औषधसाठ्याचा प्रश्न मागे टाकलेलाही मला चालणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आमचा आजार आहे. त्याचं प्रमाणपत्र काढायला तरी आमच्या सोबत या. १२० वर्षं नकोत मला. साठीपर्यंत नोकरी करायची आहे.

मेडिकल चौक
ताई, तुमचं वाचून "गोळी आधी" यातला "आधी" सोडतो. दोन्ही मागू. पण सरकारी पैसा मर्यादित असला की चकचकीत विभागाचं उद्घाटन होतं आणि तालुक्याचा औषधसाठा राहून जातो, ही भीती कायम आहे.

धरमपेठ_आजोबा
लग्नाआधी तपासणी सक्तीची करा, म्हणजे आजारच कमी होईल. दोघंही एएस, म्हणजे वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते.

लक्ष्मीनगर_आई
काका, तपासणी हवीच, सक्ती नको. एएस म्हणजे नुसता वाहक. वाहकाचं लग्न एए पॅटर्नच्या, म्हणजे हे जनुक नसलेल्या माणसाशी झालं तर एसएस मूल होत नाही. तरी "पॅटर्न निघाला" म्हणून स्थळं मोडतात, आणि मोडतात ती बहुतेक मुलींचीच. सक्तीनं ते वाढेल. कॉलेजात समुपदेशनासह तपासणी ठेवा आणि रिपोर्ट फक्त त्या मुलामुलीच्या हातात द्या.