"लोकांचं करता, पण नाव होत नाही" – हे प्रत्येकाला कसं काय लागू पडतं?

बालाघाटी: माळेगावच्या जत्रेत हात बघणाऱ्यानं आमच्या जोडीदाराला सांगितलं, "मालक, तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ. लोकांचं लई करता, पण हाताला यश नाही. पैसा येतो, टिकत नाही." गडी गार! वर दक्षिणा दुप्पट. आता नांदेड ते धाराशिव मला असा एक माणूस दाखवा, जो म्हणेल की मी कुणाचं काही करत नाही अन् माझं नाव मात्र सगळीकडं आहे.

अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची स्वभावाची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "हा खास तुझा निकाल" म्हणून कागद दिला. निकाल किती जुळतो याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, इतका तो त्यांना पटला. कागद सगळ्यांना एकच होता, अन् वाक्यं बहुतेक राशिभविष्याच्या पुस्तकातली!

गोदाकाठ: कॉलेजातली पोरं ती. आमच्याकडचा जोशी आधी चपला बघतो, तळहाताचे घट्टे बघतो. तोंड उघडायच्या आत ओळखतो की माणूस शेतातला का ऑफिसातला. सगळ्यांना एकच वाक्य फेकत नाही तो.

बालाघाटी: घट्टे बघून शेतकरी ओळखला, मान्य. पण मग त्यात ग्रह कुठं आले? आणि निम्मं काम तर आपणच करतो. "जवळच्यानं दगा दिला" म्हणलं की शेतकऱ्याला बांधावरचा भाऊ आठवतो, नोकरदाराला बदली.

मांजराकाठची: फक्त जोशालाच का धरायलात? आमच्या ट्रेनिंगला प्रश्नावली भरून घेतली अन् निकाल काय, तर "तुम्ही मनमोकळ्या आहात, पण कधीकधी एकांत आवडतो". सगळे साहेब माना डोलवत होते. इंग्रजीत छापलं की ते शास्त्र, होय ना?

कोरडवाहू: तुमचं शहाणपण तुमच्यापाशी. सोयाबीन पिवळं पडलंय, बँकेचा तगादा आहे, तेव्हा "दिवाळीनंतर दिवस बदलतील" एवढं ऐकून माणूस रात्री झोपतो. तुमचा फोरर काय देणार त्याला?

मांजराकाठची: धीर द्या की, नको कोण म्हणतंय! पण धीराच्या मागून शांतीचा खर्च येतो, अन् तो त्याच सोयाबीनवाल्याच्या खिशातून.

अंबाजोगाईकर: बालाघाटी, एक घोळ होतोय. फोररच्या प्रयोगानं ज्योतिष खोटं ठरत नाही. "मला पटलं" हा पुरावा नाही, एवढंच ठरतं. खरंखोटं करायचं तर जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतली तशी चाचणी लागते. हुशार मुलांच्या अन् बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून, कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला ज्योतिषांकडं पाठवल्या, प्रत्येकाला ४०. उत्तरं २७ जणांनी धाडली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

गोदाकाठ: नुसता कागद धाडून काय कळतंय? मुलं समोर बसवली असती तर जोशानं बरोब्बर सांगितलं असतं.

बालाघाटी: सांगितलंच असतं. मग पत्रिका कशाला पाहिजे?